प्रधानाच्या कपाळावरची आठी

ही कथा मी गेल्या वर्षी मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी, दुपारच्या चहानंतर ऐकली. सांगणाऱ्या मालिनीबाई चितारी. जुन्या तैलचित्रांची दुरुस्ती हा त्यांचा व्यवसाय. पदव्युत्तर प्रबंधाच्या निमित्ताने मी त्यांच्या कार्यशाळेत गेलो होतो. मेजावर कोण्या जुन्या संस्थानच्या दिवाणांचे व्यक्तिचित्र आडवे ठेवलेले होते आणि बाई कापसाच्या बोळ्याने त्यावरचा धुरकट थर काढीत होत्या. पागोटे झाले, गाल झाले, मिशा झाल्या; कपाळाला मात्र त्यांनी हात लावला नाही. कारण विचारले, तेव्हा "आमच्या घरात कपाळ शेवटी करतात," एवढे म्हणून त्यांनी पुढील कथा सांगितली. त्यांना ती आईकडून आणि आजीकडून मिळालेली होती. शब्द शक्य तितके त्यांचेच ठेवले आहेत. जुळणी माझी आहे.

एका राज्यात, ज्याचे नाव घेतले तर तिथल्या लोकांना उचक्या लागतात म्हणून ते घ्यायचे नाही, इंद्रकेतू नावाचा राजा होता. राजा काव्ये रची आणि राज्य त्याचा प्रधान चालवी. प्रधानाचे नाव विश्वधर. माणूस शहाणा आणि करडा. त्याचे नाक डावीकडे वाकलेले होते, डावी पापणी अर्धी खाली उतरलेली असे, आणि दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी होती, कोणी नखाने ओढावी तशी खोल.

त्या राज्यात एक रीत होती. प्रधान दौऱ्यावर गेला की त्याच्या आसनावर त्याचे चित्र बसवीत. फिर्यादी येत, चित्रासमोर आपले गाऱ्हाणे मोठ्याने सांगत, आणि घटकाभर त्याच्या डोळ्यांत पाहत उभे राहत. चित्र काही बोलत नसे. पण त्या आठीकडे पाहता पाहता अर्ध्या लोकांना आपले उत्तर आपणच कळे, आणि ते गुपचूप घरी जात. उरलेल्यांचा निवाडा प्रधान परतल्यावर करी. राज्य असे सुखाने चालले होते.

एका वसंतात त्या जुन्या चित्राला वाळवी लागली. राजाने नवे चित्र काढण्यासाठी तारावळीला बोलावले. तारावळी ही त्या काळची सर्वांत नामांकित चित्रकर्ती. तिने एका सेनापतीचे चित्र काढले, तेव्हा सेनापतीचा घोडा त्या भिंतीपाशी येऊन खिंकाळला. एका सासूचे काढले, तेव्हा सून त्या दालनातून डोक्यावरचा पदर सावरून जाऊ लागली.

तारावळीने प्रधानाला आसनावर बसवले, बराच वेळ नुसते पाहिले, आणि फलकावर पहिली रेघ ओढली ती नाकाची.

"नाकापासून सुरुवात, तारावळीबाई?" प्रधानाने विचारले.

"मी दोषापासून सुरुवात करते, प्रधानजी. चेहरा तिथेच धरता येतो. बाकी गाल सगळ्यांचे सारखेच."

सभोवती दरबारी मंडळी उभी होती. प्रधानाच्या मागे त्याचे चित्र कसे दिसावे याची त्यांना प्रधानापेक्षा अधिक काळजी होती.

"नाक सरळ केले तर राज्याची शोभा वाढेल," एक म्हणाला.

"आणि ती पापणी. परराज्याचे वकील येतात. त्यांना वाटायचे, प्रधान पेंगतो आहे."

"आठीही नको. मुले रडतात."

प्रधानाने वाकड्या नाकावरून बोट फिरवले. मग हलक्या आवाजात म्हणाला, "तसा मी तरुणपणी बरा दिसत असे."

हे ऐकताच कोशाधिकारी धावत गेला आणि राजकोशातून एक शिंपली घेऊन आला. करंभक नावाच्या मायाव्याने ती फार पूर्वी मागे ठेवली होती. तिच्यात पहाटेच्या उजेडासारखा एक रंग होता, जो कधी सुकत नसे आणि कधी संपत नसे. तारावळीने आजवर अनेक रंग घोटले होते, पण असा कांतीचा रंग तिला साधला नव्हता. तिने कुंचल्याचे टोक त्यात बुडवले, आणि मोह तिलाही आवरला नाही. नाक सरळ झाले, पापणी उघडली, कपाळ गुळगुळीत झाले. दरबार धन्य धन्य म्हणाला.

सभागृहाच्या तुळईवर एक साळुंकी राहत असे. ती तिथे इतक्या पिढ्या राहत होती की, राजे आपल्याकडे पाहुणे म्हणून येतात असे तिला वाटे. ती सगळे पाहत होती. ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रधान नदीवरचा बांध पाहण्यासाठी दौऱ्यावर गेला, आणि नवे चित्र आसनावर बसले.

पहिल्या फिर्यादीने गाऱ्हाणे सांगितले आणि रीतीप्रमाणे चित्राच्या डोळ्यांत पाहिले. चित्राने मंद हसून म्हटले, "तथास्तु."

त्यानंतर चित्र सर्वांनाच तथास्तु म्हणू लागले. वरच्या गावाने नदी अडवण्याची परवानगी मागितली: तथास्तु. खालच्या गावाने संपूर्ण नदी मागितली: तथास्तु. एकाच कन्येसाठी तीन वरांनी मागणी घातली, आणि तिन्ही घरांत मांडव उभे राहिले. राजाने नवा सर्ग वाचून दाखवला. चित्राने दोन्ही डोळे उघडे ठेवून तो अखेरपर्यंत ऐकला आणि आणखी एक मागितला. राजा म्हणाला, "प्रधानजी दौऱ्याहून परतल्यापासून फार बदलले आहेत." कारण आता आसनावर चित्र आहे हे कोणाच्याच लक्षात राहिले नव्हते.

खरा प्रधान परतला, तेव्हा वेशीवरच्या रखवालदारांनी भाले आडवे धरले.

"कोण तुम्ही?"

"मी विश्वधर."

"प्रधानजी आत बसले आहेत. आम्ही आत्ताच त्यांच्याकडे रजा मागितली, ती मिळालीसुद्धा."

"मला नीट पाहा."

रखवालदाराने नीट पाहिले. "चेहरा ओळखीचा वाटतो खरा. प्रधानजींचे कोणी लांबचे भाऊबंद आहात का? पण नाक काही त्यांच्यावर गेलेले नाही."

प्रधानाने रागाने हात उचलला, आणि तो हात पाहून स्वतःच थबकला. अंगरख्याची सोनेरी जर करडी झाली होती. पागोट्याचा लाल रंग उतरून त्याला धुतलेल्या फडक्याची कळा आली होती. रंग त्याच्या अंगावरून उतरत चालला होता.

तो थेट तारावळीच्या घरी गेला. तिने दार उघडले आणि लगेच म्हणाली, "या, प्रधानजी." बाकीच्यांनी चित्र पाहिले होते, तिने नाक पाहिले होते.

तेवढ्यात साळुंकी खिडकीत येऊन बसली. "शिंपलीवर करंभकाचा शाप आहे," ती म्हणाली. "त्या रंगाने काढलेले चित्र खरे असेल तर ते चित्र राहील. खोटे असेल तर ते खरे ठरेल, आणि खरा माणूस पुसला जाईल. वसंतदरबारात राजा प्रधानाला मुद्रा पुन्हा प्रदान करतो. ती चित्राच्या हाती गेली की तुमची रेघही उरायची नाही."

"हे तुला ठाऊक होते?" तारावळीने विचारले.

"होते."

"मग त्या दिवशी बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारले नाही."

"आता विचारते. उपाय काय?"

"जे गाळले ते भरायचे. पण त्या रंगावर दुसरा कोणताही रंग टिकत नाही. जो दोष ज्यापासून लागला, तिथलाच रंग हवा, आणि तो कसा लागला याचे सत्य तिथे सांगायला हवे. तीन दोष, तीन रंग."

प्रधान म्हणाला, "सोपे आहे. नाक गडाच्या वेढ्यात मोडले, शत्रूच्या गदेने. पापणी राज्याचे कागद वाचून उतरली. आठी चिंतनाने पडली."

साळुंकीने पंखात चोच घातली.

तिघे निघाले. गड दूर होता, पण वाटेत गेरूची एक टेकडी लागली, तेव्हा प्रधानाची पावले आपोआप मंदावली. टेकडीवर एक एडका उभा होता, टेकडीइतकाच जुना, त्याची शिंगे पितळेसारखी पिवळी.

"नाक कसे मोडले?" एडक्याने विचारले.

"गडाच्या वेढ्यात..." प्रधानाने सुरुवात केली. पायाखालची माती लोखंडासारखी कठीण झाली, आणि त्याच्या पागोट्याचा उरलासुरला रंगही उतरला.

"प्रधानजी," तारावळी म्हणाली, "इथे आपण तिघेच आहोत. आणि हा."

प्रधानाने निःश्वास सोडला. "मी तेव्हा नवा कारकून होतो. राजाज्ञा घेऊन या वाटेने चाललो होतो. हा वाटेत आडवा उभा होता. मी म्हटले, बाजूला हो. हा हलेना. मग मी याला राजाज्ञा वाचून दाखवली."

"पूर्ण?"

"पूर्ण. याने ती शांतपणे ऐकून घेतली. मग उत्तर दिले."

"उच्चार स्पष्ट होते," एडका आदराने म्हणाला. "पण मागे दरी होती, मला वळायला जागा नव्हती. हे तेव्हाच सांगणार होतो, पण आपण बेशुद्ध झालात." त्याने खुराने माती उकरली. ती लोण्यासारखी मऊ निघाली. तारावळीने मूठभर गेरू पदरात बांधला. हसू दाबण्याचा तिने प्रामाणिक प्रयत्न केला, पण तो सिद्धीस गेला नाही.

पुढे निद्रासरोवर लागले; राज्यातली सारी झोप तिथूनच निघते. त्याच्या काठाची निळसर माती पापणीच्या सावलीला लागते. पण त्या काठावर पाऊल टाकणारा प्रत्येक जीव झोपी जातो. तारावळी दोन पावले गेली आणि लव्हाळ्यांत आडवी झाली. साळुंकी उडता उडता झोपली आणि तिच्या अंगावर पडली. प्रधानाचा डावा डोळा मिटला. उजवा उघडाच राहिला.

एका डोळ्याने झोपत आणि एका डोळ्याने पाहत प्रधान पाण्यापर्यंत पोचला. तिथे एक बगळा एका पायावर उभा होता. त्याचाही एकच डोळा उघडा होता.

"ही विद्या कुठे शिकलात?" बगळ्याने विचारले.

प्रधानाने मागे वळून तारावळी झोपलेली आहे याची खात्री केली. "राज्याचे कागद वाचताना नव्हे," तो म्हणाला. "महाराज दरबारात काव्य वाचतात. प्रधानाने झोपणे बरे दिसत नाही, आणि जागे राहणे शक्य होत नाही. म्हणून मी डोळ्यांत वाटणी केली."

"काव्य किती सर्गांचे?"

"ते अजून चालू आहे."

बगळ्याने सहानुभूतीने मान लववली आणि चोचीने निळी माती काढून दिली. प्रधानाने तारावळीला हाताला धरून काठाबाहेर ओढले. ती डोळे चोळत उठली.

"माती मिळाली?"

"मिळाली. या पापणीने आज काम केले."

"आणि सत्य सांगितलेत?"

"बगळ्याला," प्रधान म्हणाला आणि झपझप पुढे चालू लागला. साळुंकीने एक डोळा किंचित उघडला होता, हे त्याला दिसले नाही.

तिसऱ्या दोषापाशी मात्र वाट खुंटली. आठी कधी पडली, हे प्रधानाला खरोखरच आठवेना. चिंतनाने म्हटले तर अंगरख्याची बाही पुसट झाली. वयाने म्हटले तर दुसरी बाही झाली. आता तो केवळ काजळाच्या रेषांचा उरला होता. वारा आला की त्याच्या कडा हलत. तारावळीने त्याच्या हातात दगडी खल दिला, तो उडून जाऊ नये म्हणून.

"साळुंके," त्याने विनवले, "तुला ठाऊक आहे का?"

"ठाऊक आहे. पण मी सांगून रंग चढायचा नाही. ती आठी एका नकाराची आहे. ज्याला नकार दिलात, त्याने आठवायला हवे. आणि आज वसंतदरबार आहे."

ते धावतच राजधानीत आले. वेशीवर रखवालदाराने तारावळीला ओळखून वाट दिली आणि तिच्यामागच्या रेषांकडे बोट केले. "हे काय?"

"कच्चे रेखाटन," तारावळी म्हणाली.

"घेऊन जा. बरे जमले आहे. नाक तेवढे सुधारा."

दरबार फुलांनी सजला होता. राजा इंद्रकेतू मुद्रेचे तबक घेऊन आसनापाशी उभा होता, आणि चित्र हात पुढे करून हसत होते. खाली वरच्या गावचे लोक आणि खालच्या गावचे लोक एकमेकांकडे रागाने पाहत होते. दोघांनाही नदी मिळाली होती, आणि पाणी कोणालाच मिळाले नव्हते.

तारावळी थेट पुढे गेली. तिने राजाला नमस्कार केला, पण मागणे चित्राजवळ मागितले.

"प्रधानजी, माझा एक अर्ज आहे. आपल्या चेहऱ्यावरून पुन्हा कुंचला फिरवण्याची अनुज्ञा असावी."

चित्राच्या हसण्यात पहिल्यांदाच थोडी चलबिचल झाली. पण त्याला दुसरा शब्द येत नव्हता.

"तथास्तु," चित्र म्हणाले.

तारावळीने गेरू कालवला आणि नाकाची रेघ डावीकडे वळवली. रंग टिकला. दरबारात कुजबुज उठली; कोणाला तरी एकदम आठवले, की हे आसनावर चित्र आहे. तिने निळी माती घेतली आणि डावी पापणी खाली उतरवली.

राजा जवळ येऊन पाहू लागला. "ही पापणी माझ्या ओळखीची आहे. ही कशाने उतरली होती?"

दरबारी एकमेकांकडे पाहू लागले.

"मला विचारता, महाराज?" तुळईवरून साळुंकी म्हणाली, आणि कोणी अडवण्याआधी तिने सगळे सांगून टाकले. काजळाच्या रेषांचा प्रधान खांबाआड सरकला. राजाने हातातले तबक आसनापाशी ठेवले.

"एक डोळा तरी जागा ठेवला," तो शेवटी म्हणाला. "राणीसाहेब दोन्ही मिटतात."

आता कपाळ उरले. तारावळी राजाकडे वळली. "महाराज, या दोन भुवयांच्या मध्ये एक आठी होती. ती एका नकाराची आहे. तो नकार कोणाला मिळाला होता?"

राजाचे हसू मावळले. त्याने सभागृहाच्या दाराकडे पाहिले. दारावर एक अर्धी जळलेली मशाल टांगलेली होती. येणारे जाणारे तिला नमस्कार करीत. का, ते कोणालाच सांगता येत नसे.

"मला," राजा म्हणाला. "मी नुकता गादीवर बसलो होतो. शेजारचा राजा माझ्या पहिल्या काव्याला हसला. मी युद्ध पुकारायची रणमशाल पेटवली. सारा दरबार होय म्हणाला. जे आज इथे उभे आहेत, त्यांचे वाडवडीलही म्हणाले. एक माणूस पुढे आला, नाही म्हणाला, आणि त्याने जळती मशाल तळहातांनी विझवली. तेव्हा त्याच्या कपाळावर ही आठी पडली. ती पुन्हा मिटली नाही."

खांबाआडून पुसट आवाज आला. "महाराज, मी ते विसरलो होतो."

"मी तुम्हाला विसरू दिले, विश्वधर. मला तो दिवस आठवायचा नव्हता."

राजाने स्वतः चौरंग ओढला, त्यावर चढून मशाल उतरवली, आणि तिचा कोळसा आपल्या हाताने कुटून तारावळीपुढे धरला.

तारावळीने कुंचला भरला आणि क्षणभर थांबली. अर्धी आठी पडताच चित्राला नाही म्हणता येईल, आणि त्याने नाही म्हटले तर काम तिथेच थांबेल, हे तिला कळत होते. तिने वरपासून खालपर्यंत एकच रेघ ओढली, न थांबता, न थरथरता. चित्राच्या भुवया जवळ आल्या. त्याचे हसू ओठांवरून ओसरले. ते दरबाराकडे असे पाहू लागले, की वरच्या गावच्या लोकांनी माना खाली घातल्या आणि मग खालच्याही.

"आता विचारून पाहा, महाराज," साळुंकी म्हणाली.

राजाने तबक उचलून पुढे धरले. "प्रधानजी, ही मुद्रा घ्यावी."

सभागृहात फूल पडले तरी ऐकू आले असते.

"नाही."

तेवढा एक शब्द उमटला आणि चित्राचे ओठ मिटले. पुढे आलेला हात फलकात परत गेला. जे उरले ते कापड होते, रंग होता आणि एक ओळखीचा माणूस. चित्र खरे झाले, म्हणून चित्र राहिले.

खांबाआडच्या रेषांत रंग भरत गेला: आधी पागोट्याचा लाल, मग अंगरख्याची जर, मग हातांचा सावळा वर्ण. विश्वधर प्रधान बाहेर आला, त्याने खल खाली ठेवला आणि मुद्रा घेतली. मग दोन्ही गावांना त्याने एकदाच नाही म्हटले. नदी पूर्वीसारखी वाहू लागली, आणि दोन्ही गावांचे लोक सुटका झाल्यासारखे घरी गेले. ज्या कन्येसाठी तीन मांडव उभे होते, तिला त्याने बोलावून विचारले. तिने दोघांना नाही म्हटले आणि तिसऱ्याचे नाव सांगितले. शिंपलीतल्या रंगाचा साधा चुना झाला. कोशाधिकाऱ्याने तो विड्याला लावून पाहिला आणि चांगला आहे म्हणाला. तारावळीला राजाने काय हवे ते विचारले, तेव्हा तिने विझलेल्या मशालीचा उरलेला कोळसा मागून घेतला. पुढे ती प्रत्येक चेहऱ्याचे कपाळ शेवटी काढू लागली, आणि त्याच कोळशाने.

त्या संध्याकाळी राजाने नवा सर्ग वाचला. प्रधानाची डावी पापणी हळूहळू उतरली. राजा थोडा सरकून त्याच्या उजव्या डोळ्यासमोर बसला आणि पुढे वाचू लागला.

असे ते राज्य पुन्हा जागच्या जागी आले. आपल्याही घरातले जागच्या जागी राहो.

एक गोष्ट मला पडताळता आलेली नाही. दरबारात "नाही" हा शब्द नेमका कोणी उच्चारला? मालिनीबाईंच्या आजी सांगत, की तो चित्राचा पहिला आणि शेवटचा नकार. त्यांच्या आई सांगत, की खांबाआड उभ्या असलेल्या प्रधानाला राहवले नाही आणि तोच बोलला. कथेचे दुसरे पाठ शोधून पाहिले. त्यांत दोन्ही आढळतात, आणि एकाला अधिक प्रमाण मानण्याइतका आधार मला मिळाला नाही. बाईंचे स्वतःचे मत विचारले. त्यांनी नवा बोळा घेतला, दिवाणांच्या कपाळावर अलगद टेकवला, आणि आठी उजळू लागली तशा म्हणाल्या, "हे साळुंकीला कोणी विचारलेच नाही."